जुन्या फ्रिजला ड्राफ्टचा नळ: सोलापुरातल्या एका घरातलं काम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

फ्रिजच्या दाराला नळ बसवायचा आणि हॉटेलातल्या ड्राफ्ट बीअरसारखं थंडगार पेय घरात ग्लासात ओढायचं, ह्या कामात बहुतेकांचा सगळा जीव नळात, सिलेंडरात आणि प्रेशरच्या आकड्यात अडकलेला असतो. माझं मत असं की क्रम बरोबर उलटा पाहिजे. आधी तापमान, मग पाइपची लांबी, प्रेशर सगळ्यात शेवटी. मी फ्रिज-एसीची कामं करतो, आणि विजापूर रोडच्या एका घरात ऐन एप्रिलमध्ये हे काम झालं त्यात ही गोष्ट इतकी स्पष्ट दिसली की सगळं नीट लिहून ठेवावंसं वाटलं. ज्यांना असं काही करायचंय त्यांचे पैसे आणि फ्रिज दोन्ही वाचतील.

घर एका टॉवेल कारखानदार काकांचं. मुलगा बाहेरदेशी राहून आलेला, तिथं लोक गॅरेजमध्ये जुना फ्रिज ठेवून त्यात बीअरचा केग, म्हणजे दाब सहन करणारं स्टीलचं पिंप, लावतात आणि दाराला नळ काढतात हे त्यानं बघितलेलं. केग, नळ, रेग्युलेटर असा संच त्यानं मागवूनच ठेवला होता, मला बोलावलं ते फक्त "दाराला भोक पाडून द्या" म्हणून. पण भोक पाडायच्या आधी एक गोष्ट बोलावीच लागली. आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, लायसन्स नसताना घरी बीअर तयार करणं हा सरळ सरळ गुन्हा आहे, मग ती स्वतःपुरती असो नाहीतर पाहुण्यांपुरती. आणि भरलेला केग काही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. बाहेरचे व्हिडिओ बघून लोक यंत्र मागवतात आणि ह्या प्रश्नावर येऊन अडकतात. काकू बाजूलाच बसल्या होत्या, त्या म्हणल्या, "सोडा भरा की ओ त्यात, उन्हाळ्यात दिवसभर माणसं येतात घरी." झालं, तिथंच ठरलं.

आणि हे काही मनाची समजूत घालायला केलेलं नाही. घरगुती ड्राफ्टवाले जो १९ लिटरचा उभा स्टीलचा केग वापरतात तो मुळात सोड्याचाच. कोल्ड्रिंक कंपन्या हॉटेलांना सिरप ह्याच केगमधून द्यायच्या, पुढं पिशवीतलं सिरप आलं, केग स्वस्तात बाहेर पडले आणि घरी बीअर करणाऱ्यांनी ते उचलले. म्हणजे यंत्र तेच, पाइप तेच, नळ तोच, फक्त आकडे वेगळे. बीअरला ३-४ डिग्रीवर ११-१२ पीएसआय (हे दाबाचं माप) पुरतात. सोड्याला गॅस, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, जास्त लागतो, त्याच तापमानाला २५ ते ३० पीएसआय. म्हणून सोड्याचं मशीन जमलं की बीअरचं आपोआप जमतं, उलटं होत नाही. सोडा जास्त हट्टी.

आता फ्रिज. घरात दोन होते. एक नवा सिंगल डोअर, दिसायला चकाचक, आणि दुसरा माळ्याखाली ठेवलेला जुना, मागं काळी जाळी असलेला. काकांना नवा वापरायचा होता कारण तो पाहुण्यांसमोर चांगला दिसेल. मी नको म्हणलं. त्याचं कारण जरा सविस्तर सांगतो कारण ह्याच एका गोष्टीत सगळ्यात जास्त फ्रिज मरतात.

जुन्या फ्रिजमध्ये फ्रिज गार करणाऱ्या गॅसची गरम नळी मागच्या जाळीत असते, डोळ्यानं दिसते. नव्या फ्रिजला मागं जाळीच नसते, कारण ती नळी दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आतून फिरवलेली असते, पत्रा आणि पफ, म्हणजे थंडी धरणारा फोम, ह्यांच्या मधे. उन्हाळ्यात नव्या फ्रिजच्या कडेला हात लावला की गरम लागतो ना, ते हेच. तिथं ड्रिल घातलं की नळी फुटली, गॅस गेला, आणि पफमध्ये पुरलेली नळी परत जोडणं हे परवडणारं काम नाही. वर ह्या नव्या फ्रिजच्या कंप्रेसरवर पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचं चित्र होतं, म्हणजे आत आर-६००ए, आयसोब्युटेन. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्या घराण्यातला. घरगुती फ्रिजमध्ये तो थोडाच असतो, १५० ग्रॅमच्या आत, पण ड्रिलची मोटर ठिणग्या टाकत असताना तोंडासमोर तेवढाही नको.

काकांचा विश्वास बसेना, म्हणून दाखवलं. फ्रिज चांगला तासभर चालू दिला, मग ओलं फडकं घेऊन कडेचा पत्रा वरपासून खालपर्यंत एकसारखा पुसला. बाकीचा पत्रा अजून ओला चमकत होता आणि मधूनच बोटभर रुंदीचे कोरडे पट्टे उमटायला लागले, आधी एक उभा, मग खाली वळलेला, मग शेजारून परत वर गेलेला. दोन मिनिटात आख्खी नळी पत्र्यावर काढल्यासारखी दिसली. काका चष्मा लावून बघत राहिले आणि म्हणले, "मग ह्याला हात लावू नका बाबा." ज्याला नव्याच फ्रिजवर काम करायचंय त्यानं हे करून पट्ट्यांवर पेन्सिलीनं खुणा कराव्यात, आणि तरीही भोक शक्यतो दारातच पाडावं. दारात गॅसची नळी कधी नसते.

तर जुना फ्रिज घेतला. कंप्रेसर ठणठणीत, न पेटणाऱ्या आर-१३४ए गॅसवाला, गास्केट, म्हणजे दाराच्या कडेचं रबर, मात्र कडक झालेलं. ते आधी बदललं. दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची, सहज निघाली तर तिथून गार हवा बाहेर जातेय. ह्याची वरची कड पूर्ण सैल होती. गास्केटसाठी लोक पैसे खर्च करायला तयार नसतात, नळावर पाहिजे तेवढा करतात.

आत केग मावायचा प्रश्न असतो तो उंचीचा. १९ लिटरचा केग साधारण ६३ सेंटीमीटर उंच आणि २२ सेंटीमीटर रुंद, वर पाइपचे कनेक्टर लागतात त्याला आणखी जागा. सिंगल डोअरमध्ये वर फ्रीझरचा बॉक्स आणि खाली मागच्या बाजूला कंप्रेसरची पायरी, त्यामुळं केग पायरीच्या पुढं तळावरच उभा करावा लागतो. काचेचा कप्पा कामाचा नाही, भरलेला केग २३ किलोच्या घरात जातो. तळाचं प्लास्टिकही तेवढं वजन एका ठिकाणी घेत नाही, म्हणून प्लायवूडचा तुकडा तळाच्या मापानं कापून खाली टाकला. दाराच्या आतले बाटल्यांचे कप्पे काढले, नाहीतर दार लागतच नव्हतं. जागा कमी पडते म्हणून काहीजण फ्रीझरचा बॉक्स वाकवून बाजूला करतात. अनुभवी माणूस असल्याशिवाय करू नका. त्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातच गॅस फिरतो, आणि जुना पत्रा वाकवताना तडकतो.

भोकाची जागा ठरवताना मुलाला नळ छान छातीच्या उंचीवर पाहिजे होता. पण तिथं दाराच्या आतल्या बाजूला फ्रीझरचं झाकण येत होतं. थोडं खाली घेतलं, केगच्या डोक्याच्या जरा वर. २५ मिलीमीटरचा होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडायची करवत, आधी बाहेरून पत्रा, मग पफ, मग आतलं प्लास्टिक दार उघडून आतूनच कापायचं, बाहेरून एका दमात कापलं तर प्लास्टिक तडकतं आणि तडा पुढं वाढत जातो. नळाचा आडवा दांडा, त्याला शँक म्हणतात, तो आरपार घालून आतून नट आवळला. पफ दाबला जातो म्हणून दोन्ही बाजूंना मोठे वायसर. कापलेल्या पत्र्याच्या कडेला रंग आणि सिलिकॉन लावायचं, तिथं पाणी मुरलं की पुढच्या पावसाळ्यात गंज. सिलेंडरमधल्या गॅसच्या पाइपसाठी दुसरं बारीक भोक दाराच्याच बिजागरीच्या बाजूला, म्हणजे दार उघडताना पाइप ताणला जात नाही.

नळाचं एक सांगतो. संचातला नळ क्रोम केलेला पितळेचा होता, तो मी बसवू दिला नाही. सोडा आंबट असतो, कार्बोनिक ॲसिड असतं त्यात, ते पितळातलं तांबं सोडवतं. रात्रभर नळात अडकून राहिलेला घोटभर सोडा सकाळी पहिल्या ग्लासात येतो, तो ग्लास लहान पोरांना द्यायचा नाही. ३०४ स्टीलचा नळ आणि स्टीलचाच शँक मागवला, चार दिवस काम थांबलं, चालतं. पाइपच्या वाटेत तांब्या-पितळेचा एकसुद्धा तुकडा नको.

गॅसच्या बाबतीत आपल्याकडं एक सोय आहे आणि तीच धोक्याची. अक्कलकोट रोड एमआयडीसीत वेल्डिंगला कार्बन डायऑक्साइड लागतो, त्यामुळं सिलेंडर, रेग्युलेटर सगळं ओळखीत मिळतं. काकांच्या कारखान्याच्या फॅब्रिकेशनवाल्यानं तर आग विझवायचा सिलेंडरच आणून ठेवला होता. तो अजिबात नको. त्याच्या आत तळापर्यंत नळी असते, उघडला की वायू नाही तर थेट द्रव बाहेर येतो आणि रेग्युलेटर गोठून निकामी होतो. वेल्डिंगचा रेग्युलेटरही उपयोगाचा नाही, तो मिनिटाला किती लिटर वाहतोय ते धरतो, आपल्याला प्रेशर धरणारा पाहिजे. गॅस पिण्याच्या दर्जाचा, सोडावाल्यांना जो पुरवतो त्याच्याकडूनच. सिलेंडर मान्यताप्राप्त, पेसोचा (सिलेंडरला मान्यता देणारी केंद्राची संस्था) शिक्का आणि टेस्टची तारीख कोरलेला बघून घ्यायचा, आणि उभाच ठेवायचा, साखळीनं भिंतीला बांधून.

सोलापूरच्या उन्हाचा इथं खास संबंध आहे. कार्बन डायऑक्साइड ३१ डिग्रीच्या वर गेला की सिलेंडरमध्ये द्रव म्हणून राहतच नाही, कितीही दाबा. २० डिग्रीला सिलेंडरचं प्रेशर ५७ बारच्या आसपास असतं (एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय), ३१ ला ७३-७४, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो तेव्हा त्याहून बरंच जास्त, सिलेंडर किती भरलाय त्यावर अवलंबून. म्हणून जास्त भरून देतो म्हणणाऱ्याकडून भरायचा नाही, उन्हात, गच्चीवर, बंद गाडीत ठेवायचा नाही. आणि ह्या दिवसात रेग्युलेटरवरच्या काट्यावरून गॅस किती उरला ते कळत नाही, काटा तापमानाबरोबर वर-खाली होतो. वजन करायचं. रिकाम्या सिलेंडरचं वजन त्याच्यावर कोरलेलं असतं, भाजीवाल्यासारखा वजनकाटा पुरतो. एक केग सोडा करायला आणि ढकलायला मिळून पाव किलोच्या आसपास गॅस लागतो, म्हणजे २ किलोचा सिलेंडर सात-आठ केग देतो, गळती नसेल तर.

गळती असेल तर नुसते पैसेच जात नाहीत. २ किलो गॅस म्हणजे एक घनमीटरपेक्षा जास्त वायू. दहा बाय दहाच्या बंद खोलीत तो सगळा सुटला तर हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांपर्यंत जातं, आणि ते माणसाच्या जिवाला धोक्याचं मानलं जातं. त्याला वास नाही, तो जड असतो, खाली साठतो, आणि उन्हाळ्यात जमिनीवर गादी टाकून झोपणारी माणसं आपल्याच घरात असतात. काकांनी फ्रिज एसीच्या बेडरूममध्ये ठेवायचं ठरवलं होतं, तिथं मी अडून बसलो. शेवटी मागच्या पडवीत ठेवला, जाळीची खिडकी कायम उघडी असते तिथं. रोज रात्री सिलेंडरची चावी बंद. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितले, केगच्या झाकणाच्या रिंगेतून बारीक येत होते. केग जुना असेल तर सगळ्या रबरी रिंगा सरसकट बदलाव्यात, जुन्या सिरपचा वास रबरातून जात नाही.

वीज. जुना थर्मोस्टॅट शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवला आणि बाहेर एसटीसी-१००० नावाचा डिजिटल कंट्रोलर लावला, तो फ्रिजची लाइनच चालू-बंद करतो. ३ डिग्रीवर लावला. त्यात कंप्रेसर परत चालू व्हायच्या आधी थांबायची वेळ टाकता येते, ती ५ मिनिटं ठेवली, कारण लाइट गेली-आली की गॅसचं प्रेशर बसायच्या आत कंप्रेसर उठायला बघतो आणि तिथंच जळतो. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवायचा नाही. केगच्या अंगाला, पाण्याच्या निम्म्या उंचीवर चिकटवून वरून थर्माकोलचा तुकडा बांधला, म्हणजे तो केगचं तापमान सांगतो, दार उघडल्यावर आत आलेल्या गरम हवेचं नाही. पडवीतला पॉइंट बिनअर्थिंगचा निघाला. ओले हात, स्टीलचा नळ, पत्र्याचं दार, आणि अर्थिंग नाही, हे चालणारच नाही. नवीन अर्थिंग ओढून ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवली, मगच प्लग लावला.

मग पहिल्यांदा सोडा भरला आणि सगळ्यांची निराशा झाली. नळ उघडला की फस्स करून जोरात उडायचा, ग्लास सगळा पांढरा, आणि शांत झाल्यावर चाखलं तर नुसतं गार पाणी. गॅस सगळा ग्लासाबाहेर. ह्याच जागी बीअर असती तर पाऊण ग्लास फेस आला असता. मुलानं नेटवर वाचून प्रेशर ३० वरून १२ वर आणलं, सगळेच करतात तसं. दुसऱ्या दिवशी आणखी वाईट. ते तसंच होणार, कारण पाण्यात गॅस मुरलाय ३० च्या हिशोबानं आणि वर दाब १२ चा, मग तो गॅस पाइपमध्येच सुटायला लागतो, नळापर्यंत निम्मी हवा निम्मं पाणी येतं. आणि दोन-चार दिवसात केगमधला सोडा पण उतरून १२ च्या हिशोबाला येऊन बसतो. प्रेशर कमी करून फेस जात नाही, सोडा मात्र जातो.

मी रेग्युलेटरला हात न लावता थर्मामीटर काढला. लागोपाठ तीन ग्लास ओढले आणि प्रत्येकात बुडवला. पहिला ११ डिग्री, दुसरा ६, तिसरा ४. कंट्रोलर म्हणतोय ३. म्हणजे केग बरोबर होता, पण केगच्या डोक्यापासून नळाच्या तोंडापर्यंतचा भाग गरम होता, आणि बाहेर पडवीत ४० डिग्री. थंड पाण्यात गॅस मावतो, तेच पाणी वाटेत ७-८ डिग्रीनं तापलं की तो मावत नाही, बाहेर उडी मारतो. शिवाय सिंगल डोअर फ्रिजमध्ये हवा फिरवायला पंखा नसतो, गार हवा खाली बसते, दाराजवळ वरच्या भागात तापमान वेगळंच असतं. आतून शँकच्या नटाला बोट लावलं तर तो केगच्या मानानं चक्क कोमट होता. स्टीलचा दांडा बाहेरचं ऊन आत ओढत होता.

उपाय स्वस्तातला. कॉम्प्युटरचा ८० मिलीमीटरचा १२ व्होल्टचा पंखा, जुन्या मोबाइल-राउटरच्या पेटीतला ॲडॉप्टर, आणि पंखा तळाशी असा बांधला की खालची गार हवा वर दाराकडं जाऊन शँकच्या नटावर आदळेल. पाइपचं वेटोळं आतच, दाराजवळ एक वीतसुद्धा लोंबता तुकडा नाही. बाहेरच्या नळाला काही करता येत नाही, तो गरम राहणारच, त्यामुळं पहिला घोटभर सोडा वेगळ्या वाटीत सोडायचा, तो झाडाला. पंखा रात्रभर चालल्यावर परत मोजलं, पहिला ग्लास ६, दुसरा ४. नुसत्या एवढ्यानंच निम्मी तक्रार गेली, प्रेशर परत ३० वर असताना.

उरलेली निम्मी पाइपची. संचातला पाइप जेमतेम दीड मीटरचा आणि आतून रुंद होता. पाइप लांब आणि बारीक असला की आतल्या घर्षणानं दाब हळूहळू जिरतो आणि नळाला पाणी शांत पोचतं, आखूड असला की ३० पीएसआय सरळ ग्लासावर येऊन आदळतात. बीअरला १२ पीएसआयवर आतून ५ मिलीमीटरपेक्षा किंचित बारीक असा तीनेक मीटर पाइप चालतो, सोड्याला त्याच जाडीचा सहा-सात मीटर लागतो. तेवढं वेटोळं आत ठेवायला जागा नव्हती. मग आरओ फिल्टरचा पाव इंची पांढरा पाइप आणला, फूड ग्रेडचा शिक्का बघून. तो आतून ४ मिलीमीटरच्या आसपास असतो, म्हणजे कमी लांबीत काम होतं, आणि त्याची दाबून बसणारी फिटिंग नवी पेठेत कुठंही मिळतात. आधी मुद्दाम जास्त लांब ठेवला, ग्लास भरायला फार वेळ लागायला लागला तसा फूट-फूट कापत आणला. कापलेला पाइप परत वाढत नाही म्हणून सुरुवात नेहमी लांबीकडून. बीअरसाठी मात्र हा पाइप मी सुचवणार नाही, त्याच्यातून थोडी हवा आत झिरपते, सोड्याला फरक पडत नाही, बीअरची चव जाते.

एक गडबड मधेच झाली. पाइपचं वेटोळं मुलानं केगच्या डोक्यावर ठेवलं, दिसायला नीट दिसतं म्हणून. ते बरोबर फ्रीझरच्या तळाखाली येत होतं. केगचा सेन्सर ३ डिग्री सांगतो पण कंप्रेसर चालू असताना फ्रीझरचा पत्रा शून्याच्या बराच खाली असतो. सकाळी नळ उघडला तर एक थेंब नाही, पाइपात बर्फाचा चुरा. वेटोळं खाली पायरीवर नेलं, आणि फ्रीझरखाली थर्माकोलची पाटी सरकवली. बर्फ साचतो तो आठवड्याला बंद करून वितळवावा लागतो, हा फ्रिज स्वतःहून करत नाही.

पाण्याबद्दल. उजनीचं पाणी येतं ते ठरलेल्या दिवशीच, मधल्या दिवसात घरोघरी बोअर. बोअरच्या जड पाण्याचा सोडा खारट आणि तुरट लागतो, गॅस भरल्यावर ती चव आणखी पुढं येते. आरओचं पाणी घेतलं, आणि केगमध्ये घालायच्या आधी घागरभर पाणी घरातल्या दुसऱ्या फ्रिजमध्ये गार केलं. ३२ डिग्रीचं १९ लिटर पाणी ४ वर आणायला ह्या छोट्या फ्रिजला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. गरम पाण्यात गॅस मुरत नाही, सिलेंडर नुसता जोडून ठेवला म्हणून सोडा होत नाही. पाणी गार झाल्यावर झाकणाच्या झडपेतून आतली हवा दोन-तीनदा सोडून द्यायची, ३० वर जोडायचं आणि तीन-चार दिवस विसरायचं. घाई असेल तर केग मांडीवर आडवा घेऊन हलवतात, होतो लवकर, पण रेग्युलेटरच्या पुढं उलटं न जाऊ देणारा वॉल्व्ह नसेल तर पाणी रेग्युलेटरमध्ये शिरतं.

साखर, लिंबू, आलं केगमध्ये घालायचं नाही असं मी सांगितलं. आल्याचा चोथा आतल्या झडपेत अडकतो आणि गोड पाणी पाइपात आंबतं. आलं-लिंबाचा पाक वेगळ्या बाटलीत, ग्लासात दोन चमचे, वर नळाचा सोडा, चिमूटभर काळं मीठ. मीठ शेवटी आणि सावकाश, नाहीतर ग्लास उसळून सांडतो. कोकमचं पण असंच. काकूंनी सोलकढीचं विचारलं, तर नारळाचं दूध कुठल्याच परिस्थितीत केगमध्ये नको, ते पाइपाच्या आत चिकटतं आणि धुवून निघत नाही. नुसता सोडा असेल तर केग बदलताना गरम पाणी आणि सायट्रिक ॲसिड फिरवलं की भागतं. बीअर असती तर दर दोन आठवड्यांनी लाइन कॉस्टिकनं धुवावी लागली असती.

मे महिन्यात मी परत जाऊन बघितलं. पडवीत ४१ डिग्री, कंप्रेसर तासातली ४० मिनिटं चालत होता, जास्तच आहे, पण जाळीवरची धूळ झाडल्यावर आणि फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढं ओढल्यावर अर्ध्या तासाच्या जवळ आला. लाइट दुपारभर गेली होती त्या दिवशी केग ३ वरून ६ पर्यंतच चढला, १९ लिटर गार पाणी स्वतःच थंडी धरून ठेवतं, मात्र त्या काळात नळ वापरायचा नाही, पंखा बंद असल्यानं शँक गरम असतो. आता मुलाला शेजारी दुसरा केग लावायचाय. रुंदी मोजली, दोन केग एकमेकाला आणि दोन्ही भिंतींना चिकटून बसतात, मधे हवा फिरायला जागाच उरत नाही. त्याला म्हणलं, १९ लिटरचा दुसरा नको, ९ लिटरचा बुटका केग मागव, तो मागच्या पायरीवर बसेल. माप घेऊन ठेवलंय, केग आला की कळवतो म्हणालाय.